तासाचं भाडं

महिन्याच्या तीन तारखेला बिल येतं,
डॉलरमध्ये,
आणि सांगलीच्या मार्केट यार्डात, पिवळ्या धुरळ्यात बसून
मी ते रुपयात उतरवते.
टेबलावरून बोट फिरवलं तर बोट हळदीचं होतं.
कीबोर्डवरचा 'श' तर केव्हाच पुसलाय.

भूपालअण्णा चष्मा कपाळावर ढकलतात :
"शोध किती झाले?"
चारशे अकरा.
"मग चारशे अकराचेच दे की पैसे."

तसं नसतं, अण्णा.
शोधण्याचे पैसे नाहीत, जागं राहण्याचे आहेत.
कुठल्याशा थंड खोलीत एक मशीन
आपल्या पेढीचे चाळीस वर्षांचे सौदे तोंडपाठ करून बसलंय.
कुणी विचारो, न विचारो,
तास भरला की आकडा पडला.
तीस दिवसांचे सातशेवीस.
आणि ते आडवं झालं तर काय, म्हणून जोडीला दुसरं,
तेच पाठ केलेलं, तसंच टक्क जागं.
चौदाशे चाळीस.

"म्हणजे पेवाचं भाडं म्हण ना.
आत हळद असो नसो,
हरिपूरचा मालक दसऱ्याला दारात हजर."

हो, जवळजवळ तसंच.
फक्त पेव तासावर नव्हतं.
या गावात तासातासाला मोजलेलं
मी एकच पाहिलंय : आयर्विनखालचं पाणी.

फेब्रुवारीत खोदत बसले तेव्हा तिसरं मशीन सापडलं.
मिरजेच्या इम्तियाजनं दिवाळीत चाचणीला लावलेलं,
चाचणी झाली, तो फराळ करून घरी गेला.
वसुबारसेपासून शिवरात्रीपर्यंत
ते एकटंच जागत होतं, एकही प्रश्न न येता.
"सॉरी मॅडम," म्हणत त्यानं बटण दाबलं.
मशीननं विचारलं : नक्की?
इतक्या महिन्यांत त्यानं उच्चारलेला तो पहिला शब्द.

मग मला चेवच आला.
रात्री दहा ते सकाळी सहा दोन्ही बंद.
हळदीचे सौदे काय झोपेत होतात?
चारशेऐंशी तास वाचले, मी लाल पेनानं लिहिलं
आणि स्वतःला एक स्पेशल चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी अण्णा
तराजूच्या काट्याकडे बघत म्हणाले,
"ते रात्रीचं... चालत नाही वाटतं हल्ली."

मी नोंदी उघडल्या.
रात्रीचे अडीच. पावणेतीन. परत अडीच.
रोज एकच : पेव ४१.
कधी घाईत : पेय ४१.
शून्य निकाल.
(शून्यालाही तास तेवढाच लागतो.)

पुराच्या वर्षीचं पान, कडेनं फुगलेलं, स्कॅन केलेलं.
पेव ४१, हरिपूर. राजापुरी. एकशेऐंशी पोती.
शेवटच्या रकान्यात अण्णांच्याच अक्षरात :
शिल्लक.

पाणी उतरल्यावर वरची माती काढली
तेव्हा आत कमरेइतका पिवळा चिखल होता,
हे वहीत नाही.
वहीत नाही म्हणून मशीनलाही ठाऊक नाही.
दोन्ही प्रती शपथेवर सांगतील :
माल आहे.

"काढून टाकू का ती नोंद?" मी विचारलं.
अण्णांनी चष्मा धोतराला पुसला. बराच वेळ पुसला.
"भाडं किती म्हणालीस?"

मी कागदावर मांडलं.
रात्री एकच चालू ठेवायचं, दुसरं झोपू दे.
आठ तास, तीस रात्री, दोनशेचाळीस.
पण अण्णा, रात्री ते एकटं बंद पडलं
तर उत्तर द्यायला कुणी नसेल.
"थांबेन की सकाळपर्यंत.
इतकी वर्षं काय करत होतो?"

खतावणीत कुठल्या खात्याला टाकू?
संगणक खर्च, किरकोळ, की तुमच्या नावे?
ते उठले, वहाणा शोधत शोधत म्हणाले,
"गोदाम भाडे."

लिहिलं.
वर अठरा टक्के जीएसटी, तो वेगळा.